गेटवरची तपासणी आणि प्रयोगशाळेचं दार

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला रसायनशास्त्रात पदवी घ्यायची आहे आणि दोन कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे. पहिल्यात ड्रेसकोड कडक आहे. जीन्स, टी-शर्ट, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत आणि गेटवर रोज तपासणी होते. दुसऱ्यात कपड्यांवर बंधन नाही, आणि तिथला रसायनशास्त्र विभाग मुलीच्या मनात भरला आहे. तुम्ही लिहिता, ‘जिथे कपड्यांची शिस्त तिथे अभ्यासाची शिस्त, आणि पुढे नोकरीतही तीच उपयोगी पडेल.’ मुलगी म्हणते, त्या गेटमधून मी आत जाणार नाही. आठवडाभर घरात अबोला आहे.

कपड्यांवरून कॉलेजची शिस्त जोखायची असेल तर जरूर जोखा. फक्त गेटवर थांबू नका, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जा.

मी स्वतः रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते. आमच्याकडे गेटवर बाह्यांची लांबी बघत आणि मुलींना परत पाठवत. त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही उघड्या सँडल घालून उभ्या असायचो. एकदा शेजारच्या मैत्रिणीच्या हातून आम्लाची बाटली निसटली आणि तिचं पाऊल भाजलं. तोवर आमच्या पायांकडे एकदाही कुणी बघितलं नव्हतं. बाहीची लांबी मोजणाऱ्या त्या कॉलेजला मी शिस्तीचं कॉलेज म्हणू शकत नाही.

ही लहानसहान बाब नाही. डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 23 वर्षांची एक संशोधन सहायक हवा लागताच पेट घेणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि रसायनाने पेट घेतला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर लॅब कोट नव्हता. जानेवारी 2009 मध्ये ती गेली. इथले लोक लॅब कोट घालत नाहीत, हे अपघाताच्या दोन महिने आधी झालेल्या सुरक्षा तपासणीत नोंदवलेलं होतं. एप्रिल 2011 मध्ये येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा लेथवर, म्हणजे वस्तू गरागरा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, एकटीच काम करत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि ती दगावली. दोघीही हुशार होत्या, दोन्ही विद्यापीठं नावाजलेली होती.

म्हणून रसायनशास्त्राच्या मुलीने कपड्यांचं जे शिकायचं ते हे: सुती कपडा जळतो, पण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. लॅब कोटला टिचबटणं असलेली बरी, कारण पेट घेतल्यावर कोट एका झटक्यात अंगावेगळा करता येतो. बूट बंद हवेत, केस बांधलेले हवेत, गळ्यात लोंबणारं काही नको, डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवा. तीन वर्षांत हे अंगवळणी पडलं तर ती शिस्त तिला कुठल्याही प्रयोगशाळेत, कुठल्याही कारखान्यात उपयोगी पडेल.

आता नोकरीचं. मुलाखतीला नीट कपडे घालून जाणं एका दुपारी शिकता येतं. त्यासाठी तीन वर्षं गेटवर तपासणी लागत नाही. व्यवस्थापन, हॉटेल किंवा विमानसेवेच्या अभ्यासक्रमात पोशाख हा कामाचाच भाग असतो, तिथला ड्रेसकोड मला समजतो. पण ‘नोकरीसाठी’ म्हणून केलेला प्रत्येक नियम योग्यच असतो असंही नाही. अमेरिकेतल्या हॅम्प्टन विद्यापीठाने 2001 पासून व्यवस्थापनाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मुलग्यांना ड्रेडलॉक्स (जटांसारख्या बटा) आणि कॉर्नरोज (डोक्यालगत घट्ट घातलेल्या बारीक वेण्या) ठेवायला मनाई केली, का, तर कंपन्यांना अशी केशरचना रुचणार नाही. विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं, आणि ही केशरचना त्यांचीच. या नियमावर मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

नियमाला कारण विचारलं की तो कधी टिकतो, कधी बदलतो. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 2007 मध्ये ठरवलं की सरकारी रुग्णालयांत रुग्णाला हात लावणाऱ्याचे हात कोपरापासून खाली उघडे हवेत. लांब बाह्यांचा पांढरा कोट डॉक्टरची ओळख होता, पण हात नीट धुता यावेत यासाठी तो सोडला. उलट ऑक्सफर्डमध्ये परीक्षेला घालायचा पारंपरिक पोशाख सक्तीचा ठेवावा का, असं 2015 मध्ये विद्यार्थ्यांनाच विचारलं, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक मतं ‘ठेवा’ अशी पडली. विचारून ठेवलेला नियम मुलं आनंदाने पाळतात.

कॉलेजच्या माहितीपत्रकातलं कारण तुम्ही पत्रात उतरवलं आहे: ‘इतरांचं लक्ष विचलित होऊ नये.’ बाबा म्हणून ते तुम्हाला साधं वाटलं असेल. मुलीला त्यात काय ऐकू येतं सांगू? दुसऱ्याच्या नजरेची जबाबदारी तुझी. वर्गात तिचा प्रश्न ऐकला जाण्याआधी तिचे कपडे बघितले जाणार. तिचा राग हट्टातून आलेला नाही, कृपया तसा समजू नका.

तरीही ड्रेसकोड आहे एवढ्याच कारणावरून ते कॉलेज फुली मारून टाकावं, असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडे प्रॅक्टिकलच्या दिवशी, मुलीला घेऊन जा. मुलांच्या पायात काय आहे ते बघा. धूर ओढून घेणारी कपाटं चालू आहेत का, डोळे धुण्याच्या नळाला पाणी येतं का, आग विझवायचं ब्लँकेट कुठे टांगलं आहे, हे विचारा. गेटवर अडवलेल्या मुलीचं लेक्चर बुडतं का, प्रॅक्टिकल बुडतं का, हेही विचारा. कपड्यापायी प्रॅक्टिकल बुडवणारं कॉलेज असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मुलीला तिथे घालू नका.

पत्राच्या तळाशी मुलीने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: ‘मॅडम, मी चुकतेय का?’

नाही बाळ, चुकत नाहीस. पण आत जाणार नाही म्हणण्याआधी एकदा आत जाऊन ये. काय पाहिलंस ते बाबांना त्याच दिवशी जेवताना सांग, आणि जमलं तर मलाही लिही. आणि जाताना बंद बूट घाल, केस बांध. एखाद्या सरांनी टेबलाजवळ बोलावलं तर लांब उभं राहावं लागू नये.