मनुस्मृतीला त्या काळाचं माप लावायचं तर पुरतं लावा

तुम्ही विचारलंय, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मनुस्मृतीला आजच्या राज्यघटनेचं माप लावणं अन्यायाचं नाही का? तिच्याच काळात ठेवून ती वाचावी, हे मलाही मान्य आहे. फक्त 'तेव्हा असंच होतं' म्हणून तिथेच थांबू नका. तेव्हा आणखी काय काय होतं, तेही बघा.

शिवीगाळीचा नियम घ्या. आठव्या अध्यायात (श्लोक 267 ते 270) ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर 12 पण (तेव्हाचं नाणं) दंड. शूद्राने द्विजाला, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या माणसाला, घालूनपाडून बोललं तर जीभ छाटायची. प्रत्यक्षात किती जिभा छाटल्या गेल्या हे यावरून कळत नाही, स्मृती म्हणजे निवाड्यांचं दप्तर नव्हे. पण याच गुन्ह्याला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नुसता पैशांचा दंड आहे: खालच्या वर्णाने वरच्याला बोललं तर तीन-तीन पणांनी चढता, उलट झालं तर दोन-दोन पणांनी उतरता. भेदभाव आहेच, पण जीभ शाबूत राहते. (कौटिल्यही काही मवाळ नाही. शूद्राने ब्राह्मणाला ज्या अवयवाने मारलं तो तोडावा, असं तोही सांगतो.) मनुस्मृतीच्याही आधी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अशोक आपल्या चौथ्या स्तंभलेखात न्यायनिवाड्यात आणि शिक्षेत समता असावी असं बजावतो. हा लेख असलेला एक स्तंभ दिल्लीत फिरोजशाह कोटल्यात आजही उभा आहे.

मला सगळ्यात बोचतं ते मनुस्मृतीच्या त्याच अध्यायातलं. श्लोक 336 ते 338 काढा. जिथे साध्या माणसाला एक कार्षापण (हेही नाणंच) दंड, तिथे राजाला हजार. जाणत्या चोराचा दोष शूद्राला 8 पट, वैश्याला 16, क्षत्रियाला 32, ब्राह्मणाला 64 किंवा त्याहून जास्त. ज्याला अधिक कळतं त्याचा अपराध मोठा, हे तत्त्व ग्रंथकाराला पक्कं ठाऊक होतं. शिवीच्या बाबतीत त्याने ते उलटं फिरवलं. ती त्याची निवड होती, काळावर ढकलता येत नाही.

राहिला प्रश्न 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मनुस्मृतीच्या दहनाचा. तिथे जुन्या काळाचं माप लागूच होत नाही. चवदार तळ्याचं पाणी माणसांना नाकारलं जात होतं ते 1927 साली.