हाताने बनवलेल्या लाकडी धनुष्याला तडा गेलाय. नवशिक्याला घरी दुरुस्त करता येईल का?

तडा कुठल्या दिशेने गेलाय, त्यावर आहे. आधी दोरी उतरवा. लांबीत, लाकडाच्या रेषेबरोबर गेलेली बारीक चीर बहुधा वाळताना पडलेली असते. तिच्यात पातळ फेव्हिक्विक मुरू द्या, वरून सुती दोरा वेढ्याला वेढा चिकटवून घट्ट गुंडाळा, दोऱ्यालाही तेच पाजा. पूर्ण दिवस हात लावू नका. मग आधी अर्धंच खेचून बघा, कुरकुर ऐकू आली की थांबा.

पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूला, आडवा तडा असेल तर मात्र नाद सोडा. पोटाच्या, म्हणजे खेचणाऱ्याकडच्या बाजूला केसासारख्या आडव्या रेघा, नखाला अडकणाऱ्या, दिसल्या तरी तेच. मेहनत गेल्याचं वाईट वाटतं, पण खेचताना मोडलं तर तुकडा थेट तोंडावर येऊ शकतो.