गुरुवारचं सेशन सध्या रद्द धरा, आधी घसा आतून बघून घ्या

तुमची पोस्ट दोनदा वाचली. टेक्सासमधल्या डॅलसमध्ये दिवसा आयटी, जमेल तेव्हा अ‍ॅनिमेच्या (जपानी कार्टून मालिकांच्या) इंग्रजी डबिंगची छोटी कामं, दोन आठवडे आवाज घोगरा आणि गुरुवारी पुन्हा मारामारीचा एपिसोड. "रद्द केलं तर परत बोलावतील का?" हा प्रश्न 2019 मध्ये मी कुणालाच विचारला नाही, आणि तिथेच माती खाल्ली.

डेमो, ऑडिशन, माइक वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

माझा रोल होता तिसरा शिपाई. कानात तीन बीप, चौथा यायला हवा तिथे आपण सुरू. कागदावर संवाद जवळजवळ नाहीच, नुसतं 'पोटात लाथ', 'भिंतीवर आदळतो', 'मरतो'. घसा आधीच धरला होता म्हणून सकाळी अ‍ॅस्पिरिनच्या दोन गोळ्या घेऊन गेलो आणि डायरेक्टरला अवाक्षर सांगितलं नाही. घोडचूक ती हीच. अ‍ॅस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, आणि सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर पडला की तिथली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. माझी फुटली. 'मरतो'च्या तिसऱ्या टेकला आवाज एकदम निम्म्यावर आला. दुखलं अजिबात नाही, म्हणून शहाण्याने उरलेलं सेशनही उरकलं!

तेव्हा डबिंगपायी पक्की नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर होतो, इन्शुरन्स नव्हता. म्हणून एका स्वस्तातल्या क्लिनिकमध्ये गेलो (नाव घेत नाही). त्यांनी टॉर्च मारून 'आ' करायला लावलं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि काही दिवस कुजबुजत बोला म्हणाले. अहो, टॉर्चने स्वरतंतू दिसत नाहीत! आणि जोर लावून कुजबुजल्याने ताण वाढूही शकतो. रेफरलसाठी, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवायच्या चिठ्ठीसाठी, तीनदा फोन केले. दर वेळी तेच होल्डचं संगीत आणि "फॅक्स केलाय" हे उत्तर. तो फॅक्स कुठे पोचला देव जाणे. पाच आठवडे असे गेले.

शेवटी स्वरयंत्राच्या तज्ज्ञाकडे स्ट्रोबोस्कोपी झाली. नाकातून बारीक कॅमेरा, काही मिनिटांचं काम. तेव्हा कुठे स्क्रीनवर ती जखम दिसली आणि पूर्ण मौन मिळालं. नाशिकहून आईचा फोन यायचा. ती बोलायची, मी टेबलावर बोटाने टकटक करायचो. एक टक हो, दोन नाही.

मी डॉक्टर नाही, तुमचं नुसतं सर्दीचं दुखणंही असेल. पण मी असतो तर आजच स्टुडिओला कळवलं असतं. बिननावाच्या रोलला ते दुसरा माणूस घेतील, हेही खरं. तरी आधी कळवणारा लक्षात राहतो, असा माझा अनुभव. स्कोपमध्ये, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या तपासणीत, काही निघालं नाही तर जा. फक्त किंचाळ्या शेवटी घेऊया म्हणून सांगा. चांगले डायरेक्टर स्वतःच तसं करतात.

आणि नोकरी सोडायचा विचार सध्या बाजूला ठेवा. टेक्सासमध्ये डबिंगचं काम बरंचसं बिगर-युनियन आहे, आणि कलाकारांच्या युनियनच्या हेल्थ प्लॅनसाठी युनियनच्या करारातलीच कमाई धरतात. 2022 मध्ये 'मॉब सायको 100' या मालिकेच्या इंग्रजी डबचा मुख्य आवाज असलेल्या काइल मॅकार्लीने, ती डब करणाऱ्या क्रंचीरोल कंपनीने पुढे युनियनशी बोलणी तरी करावीत एवढंच मागितलं. ते जमलं नाही आणि तिसऱ्या सीझनला तो नव्हता. मुख्य पात्राची ही गत, तर तिसऱ्या शिपायाला कोण विचारतो? असो, विषय भरकटला.

जाता जाता, टीम्सवरच्या कॉलांत आवाज किती खर्च होतो ते मोजा. मी रोजच्या स्टँडअप मीटिंगमधलं माझं चॅटवर टाकायला लागलो, कुणाचं काही अडलं नाही. खाकरू नका, पाण्याचा घोट घ्या. तोंडाची चिकट टकटक माइकवर येत असेल तर हिरवं सफरचंद चावा.

स्कोपचा खर्च मात्र आधी इन्शुरन्सवाल्यांकडून लेखी घ्या. मला तीन बिलं आली. एक डॉक्टरचं, एक कॅमेऱ्याचं, आणि तिसरं कशाचं ते अजून कळलेलं नाही.