ब्रिटनमध्ये कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक नगरपालिकेसारख्या संस्थेच्या) भाडेकरूंना सवलतीत घर विकणं न्याय्य आहे का?

घर विकत घेणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो विकलेल्या घरांच्या जागी नवीन घरं न बांधण्यावर.

थॅचर सरकारने 1980 च्या कायद्याने 'राइट टू बाय', म्हणजे राहतं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घेण्याचा भाडेकरूंचा हक्क, आणला. तीन वर्षं भाडेकरू असलेल्याला बाजारभावात 33 टक्के सूट, आणि जितकी वर्षं जास्त तितकी सूट जास्त, 50 टक्क्यांपर्यंत. पुढे फ्लॅटसाठी ती 70 टक्क्यांवर गेली. आयुष्यभर भाडं भरत आलेल्या कामगार कुटुंबांच्या नावावर पहिल्यांदाच काहीतरी झालं. कौन्सिलच्या घरांचे दरवाजे रांगेने एकाच रंगाचे असायचे. घर आपलं झालं की लोक आधी दरवाजा रंगवायचे. तो आनंद खराच होता.

पण घरं बांधली होती सार्वजनिक पैशातून. खासगी मालकाकडे भाड्याने राहणाऱ्या तितक्याच गरीब माणसाला यातली दमडीही मिळाली नाही. शिवाय विक्रीचा पैसा नवीन बांधकामावर खर्च करायला कौन्सिलांवर बंधनं होती. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे 20 लाख घरं गेली. त्यातले कितीतरी फ्लॅट आज खासगी मालक भाड्याने देतात, आणि काही ठिकाणी तर बेघर कुटुंबांसाठी कौन्सिलच ते भाड्याने घेते! हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

स्कॉटलंडने 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये हा हक्क बंद केला. इंग्लंडने 2024 मध्ये सूट बरीच कमी केली. एक घर विकलं की एक बांधायचंच, असा नियम पहिल्यापासून असता तर माझं उत्तर 'हो' असतं.