कंदील कुणी धरला होता?

प्रश्न : ताई, माझं वय 69. थंडी पडली की पहाटे चार-साडेचारलाच जाग येते आणि डोळ्यांपुढे एकच पहाट उभी राहते. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाहेर दाट धुकं, गोठ्यात गाय अडलेली आणि मी दोन्ही हातांनी कंदील धरून उभा. वडील गुडघ्यांवर बसून वासराचे पाय ओढताहेत. वासरू बाहेर पडलं तेव्हा त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. हे इतकं लख्ख आठवतं. पण परवा कोण भेटलं, चष्मा कुठे ठेवला, हे आठवत नाही. मागच्या महिन्यात थोरल्या भावाला ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, ‘कंदील मी धरला होता. तू आत झोपला होतास.’ आमची बोलाचाली झाली. तेव्हापासून मला माझीच खात्री वाटेनाशी झालीय. भाऊ 77 वर्षांचा, गावाकडच्या घरात एकटा राहतो. थंडी वाजत नाही म्हणतो आणि रात्री कोळशाची शेगडी आत घेऊन, दार-खिडकी लावून झोपतो. मुलगा मला म्हणतो, बाबा, तुम्ही फार मागे मागे जाताय. हे काय समजायचं?

उत्तर : आधी शेगडीचं बोलते, बाकीचं थांबेल. भावाला आजच फोन करा. बंद खोलीत जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. धूर थांबून निखारे लाल झाले की माणसं निर्धास्त होतात आणि शेगडी आत घेतात; धोका तर त्या निखाऱ्यांतच असतो. शेगडीपाशी बसायचं ते उघड्यावर, आणि झोपताना ती बाहेर ठेवायची.

‘थंडी वाजत नाही’ या वाक्यावरही विश्वास ठेवू नका. आयुष्यभर मी वृद्धांना तपासलं आणि हे वाक्य थंडगार पोट असलेल्या माणसांकडून ऐकलं. वयाबरोबर कातडीखालची चरबी आणि स्नायू कमी होतात, रक्तवाहिन्या आकसायला वेळ लागतो, हुडहुडीही नीट भरत नाही. म्हणजे गारठा अंगात शिरतो आणि अंग तक्रार करत नाही. शरीराचं तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेलं, बोलणं जड झालं, माणूस पेंगायला लागला, की सकाळची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. घरात कुणी येऊन-जाऊन असेल तर त्याला सांगून ठेवा.

आता तुमची पहाट.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं, यांत फार अंतर आहे. पहिलं वयाबरोबर येतं. रोजच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशेब जमेनासा होणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, असं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसत नाही.

जुनं लख्ख आणि कालचं पुसट, हे फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्येच मांडलं होतं, पण ते आजारी, दुखावलेल्या मेंदूंबद्दल. धडधाकट माणसांचं वेगळं आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1879 मध्ये 75 शब्दांची यादी घेऊन, प्रत्येक शब्दाला आपल्या मनात काय येतं ते टिपलं. त्यातलं पुष्कळसं थेट बालपण-तरुणपणातलं निघालं. पुढे 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उतारवयातल्या माणसांच्या आठवणी साधारण 10 ते 30 या वयाभोवती दाटलेल्या असतात. आणि वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी त्याहून मागच्या, वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं स्वीडनमधल्या 2006 च्या एका अभ्यासात दिसलं. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या थांब्यावरून पुढे जातात. वास मात्र भावनांच्या आणि आठवणींच्या जागी जवळजवळ थेट पोचतो. तुम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होता. कंदिलाचं रॉकेल, ओलं गवत, गाईचा श्वास. तुम्ही पत्रात वासाचं एक अक्षर लिहिलेलं नाही, पण मला वाटतं, ती आठवण जागी होते ती वासानेच.

थंडीच्या पहाटेचंही यात काम आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन ऊब सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. मग धूर वर चढत नाही, छपराच्या उंचीवर आडवा पसरतो. आवाजही वर निसटण्याऐवजी खाली वळतो. शिवारापलीकडचा खोकला अंगणात ऐकू येतो. लहानपणी अशा पहाटे सगळं फार जवळ असतं, आणि ते तसंच्या तसं जवळ राहतं.

राहिला कंदील.

मला एक आठवण होती. वडिलांच्या खांद्यावर बसून मी धुक्यातून शेत ओलांडतेय, खाली त्यांचा मफलर दवाने ओला झालाय, त्याची लोकर माझ्या गुडघ्यांना टोचतेय. साठी ओलांडेपर्यंत ती माझी होती. एकदा बहिणीपाशी बोलले. ती हळूच म्हणाली, ‘अगं, ती मी. तू तेव्हा चार महिन्यांची होतीस.’ चार महिन्यांचं कुणालाच काही आठवत नाही. तिने लहानपणी ती गोष्ट मला इतक्यांदा सांगितली होती की मी तिच्यात शिरून बसले. त्या रात्री मी रडले. वडिलांचा एक खांदा हातातून गेला असं वाटलं.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी 1932 मध्ये दाखवलं की माणूस आठवण पेटीतून काढावी तशी काढत नाही, दर वेळी ती नव्याने रचतो. त्यामुळे आठवण लख्ख असणं हा ती खरी असण्याचा पुरावा नाही. हे तुम्हाला लागू आहे, तसंच भावालाही. कदाचित तुम्ही कंदील धरला होता. कदाचित भावाने धरला आणि तुम्ही दारातून पाहिलंत. कदाचित आधी एकाने धरला, हात भरून आल्यावर दुसऱ्याने घेतला. हे सांगू शकणारं तिसरं माणूस आता नसावं, असं पत्रावरून वाटतं.

म्हणून भांडण तोडायला बसू नका. भावाला वेगळं विचारा : आई कुठे होती? वासराचा रंग कोणता? वडील काही बोलत होते का? तुम्ही तुमची उत्तरं आधी कागदावर लिहून ठेवा, मग त्याची ऐका. तुमच्याकडे नसलेलं काहीतरी त्याच्याकडे असेल.

आणि मुलाला सांगा की रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी 1963 मध्येच लिहून ठेवलंय की म्हाताऱ्या माणसाचं मागे वळून पाहणं ही आयुष्याची उजळणी असते, ती स्वाभाविक असते. त्याआधी डॉक्टरही त्याला घसरण समजत. मुलगा त्या पहाटेबद्दल काही विचारतो का, ते बघा.

प्रश्न : माझी आजी 86 वर्षांची आहे. थंडीत विहिरीच्या पाण्यातून वाफ निघायची, ही एकच गोष्ट ती रोज सांगते. आम्हाला पाठ झालीय. काय करू?

उत्तर : बाकी बोलणं-वागणं नेहमीसारखं असेल तर घाबरू नका, अलीकडे बदललं असेल तर तपासून घ्या. गोष्ट मात्र खरी आहे. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं राहतं, त्यामुळे कडाक्याच्या पहाटे ते हवेपेक्षा कोमट असतं आणि वाफाळतं. उद्या आजीने सुरुवात केली की मध्येच विचारा : पायात काय होतं? बरोबर कोण होतं? पहिली घागर कुणी ओढली?