आधी सतरंजी घाल, मग फॉर्म भर

बाळा,

परवा तू लॅपटॉप उघडून 'काकू, किती मागू?' असं विचारलंस, तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. कार्यक्रमाला पैसे मागायचे तीन फॉर्म उघडे, तिन्हीत वेगळे आकडे, आणि तुझा चेहरा इतका उतरलेला. मी पोहे पुढे केले आणि विषय बदलला कारण तेव्हा बोलले असते तर ओरडलेच असते.

तुझी कल्पना चांगली आहे हे मी सांगत बसत नाही, ते तुला माहीत आहे. पितृपक्षात मालवी मुलींची संजा, ती शेणाने भिंतीवर काढतात ती, आणि तिला लागूनच नवरात्रात आपला भोंडला, दोन्ही भर बाजारात, राजवाड्याच्या आसपास, जिथे हल्ली लोक फक्त गाडी लावायला जागा शोधतात. हे इंदूरलाच जमेल. अमावास्येला किलाकोट, म्हणजे संजेचं शेवटचं मोठं चित्र, काढायचा, पाण्यात शिरवायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून पाटावरचा हत्ती. मला ऐकतानाच भरून आलं.

पण तुझं बजेट मी दोनदा वाचलं. 4 लाख 80 हजार. स्टेज 90, एलईडी वॉल 60, साऊंड, खुर्च्या, पाहुण्यांचे सत्कार, फोटोग्राफर, खिरापतीला दीड हजार. एलईडी वॉल आहे आणि शेण नाही. गुलबाक्षीची फुलं नाहीत. शेण कोण आणणार, कोणत्या भिंतीवर लावणार, भिंतीच्या मालकाला विचारलंय का, त्याचा उल्लेखच नाही. पहिल्या पानावर राजवाड्याच्या सात मजल्यांचा फोटो मात्र सुंदर आहे.

म्हणून सांगते, आणि हे मी परत परत सांगणार आहे. आधी सतरंजी घाल, मग फॉर्म भर. एक संध्याकाळ, दुकानापुढचा एक ओटला (ओटा), दहा मुली, घरचं सामान. ते झालं की मग माग काय मागायचं ते.

आता तुला वाटेल काकू जुन्या काळातल्या, पैशाला भितात. तसं नाहीये. नियमच बघ ना. ती केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची समारंभ आणि निर्मितीवाली योजना तू उघडली होतीस, तिच्यात साधारणपणे 5 लाखांपर्यंत मिळतात पण एकूण खर्चाच्या 75 टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे तुझ्या 4 लाख 80 हजारांतले जास्तीत जास्त 3 लाख 60 हजार त्यांचे, 1 लाख 20 हजार तुझे. त्या 3 लाख 60 चेही दोन हप्ते, आधी तीन चतुर्थांश, म्हणजे 2 लाख 70, आणि उरलेले 90 हजार कार्यक्रम झाल्यावर, सीएच्या सहीची यूसी, म्हणजे पैसे कुठे वापरले त्याचा दाखला, आणि हिशोब गेल्यावर. म्हणजे सगळं वेळेवर आलं तरी 2 लाख 10 हजार आधी तुझ्या हातातून जाणार. आहेत? नाहीत ना? मग त्या आकड्याचा कार्यक्रम तुझा नाहीच, अजून तरी नाही.

शिवाय संस्था रजिस्टर होऊन तीन वर्षं झालेली हवीत, ऑडिट हवं, आधी काय काम केलं त्याचे कागद हवेत. तुमची तर अजून नोंदणीच नाही. सात जण लागतात, मध्य प्रदेशचा 1973 चा सोसायटी कायदा, आणि नोंदणी झाली की लोक विसरतात ते दरवर्षीचं कलम 27-28, म्हणजे कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट झालेला हिशोब. ते चुकलं की पुढे प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, '27-28 भरा है क्या?' आणि तू गप्प. ते काम आजपासून कर, त्याला वाट बघू नकोस. पण बघ, तीन वर्षं तर तुला ते पैसे मिळणारच नाहीत. मग तीन वर्षं काय करशील? सतरंजी घालशील. दुसरं काय करणार आहेस?

दुसरा फॉर्म सीएसआरचा होता, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला ते बसत नाही गं, 2014 च्या परिपत्रकातच सरळ म्हटलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार असले एकदाच होणारे इव्हेंट सीएसआरच्या खर्चात धरायचे नाहीत. कंपनीवाला मार्केटिंगमधून देईल कदाचित, पण मग बॅनर त्याचा. त्यावर पुढे येते. तिसरा फॉर्म, स्वेच्छानुदानाचा, म्हणजे मंत्री-आमदार आपल्या अधिकारात देतात तो, वाईट नाही, छोटी रक्कम असते, पण तिथेही विचारतात की आधी काय केलं.

आता माझं ऐक.

मी सुरुवात बरोबर केली आणि मग हेच सगळं उलट केलं होतं. पहिल्या वर्षी आम्ही आठ बायकांनी सराफ्याच्या मागच्या गल्लीत एका सोन्याच्या दुकानाच्या ओटल्यावर भोंडला केला. तुला माहीतच आहे सराफा कसा चालतो, दिवसा सोनं, रात्री शटर पडलं की त्याच ओटल्यांवर खाण्याची दुकानं, आणि मालक त्यांना बसू देतात कारण रात्रभर दुकानासमोर माणसं असतात. त्या शेठजींनी आम्हाला शटर पाडल्यापासून गाडीवाले येईपर्यंतचा वेळ दिला, फुकट, वर ओटला धुवून दिला. दोन सतरंज्या, एक पाट, कोळशाने काढलेला हत्ती. येणारेजाणारे थांबले, एक मारवाडी आजी चपला काढून फेरात आल्या. खर्च झाला असेल सातशे-आठशे.

मग कोणीतरी म्हणालं की अनुदान मागा, मोठं करू. मागितलं. मंजुरीचं पत्र श्रावणात आलं, पैसे नाही आले. आम्ही पत्रावर विश्वास ठेवून मंडपवाल्याला सांगून बसलो, दोनशे खुर्च्या, स्टेज, सगळं. पैसे आले मार्चमध्ये. आणि ज्या बिलांवरची तारीख मंजुरीच्या आधीची होती ती सगळी कापली. पितृपक्ष कुठल्या फायलीसाठी थांबत नाही, हे मी त्या वर्षी शिकले. मंडपवाल्याचे पैसे मुलीच्या नावची एफडी मोडून दिले आणि ते घरात पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही.

तेही चालेल, पैसे परत कमावले. पुढच्या वर्षीचं मात्र अजून टोचतं. दुसरा अर्ज अडकला, आम्ही कार्यक्रम रद्द केला, ज्यांना ज्यांना छापील पत्रिका गेली होती त्या सगळ्यांना फोन केले. शेठजींना नाही केला. त्यांना पत्रिकाच नव्हती ना दिली, ते तर घरचे. नंतर कळलं की त्यांनी त्या संध्याकाळी शटर लवकर पाडलं, ओटला धुतला आणि आमची वाट बघत बसले. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा तो ओटला एका चाटवाल्याला लागला होता. शेठजी चांगलं बोलले, चहा पाजला, काही म्हणाले नाहीत. मीच काही बोलू शकले नाही.

म्हणून म्हणते सतरंजी, सतरंजी, सतरंजी. अनुदानाची वाट बघत एकही वर्ष रिकामं सोडायचं नाही. नाही मिळालं तरी होणार, असा कार्यक्रम आधी लिहून काढ, मग त्यावर 'मिळालं तर एवढं वाढवू' असं लिही. महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये, पोलीस स्टेशनला, लाऊडस्पीकरच्या परवानगीला जाशील तेव्हा तिथेही गेल्या वर्षीचा फोटो दाखवता आला पाहिजे. आणि रात्री 10 नंतर स्पीकर नाही, हे आत्ताच कागदावर लिहून ठेव, म्हणजे पाहुण्यांच्या भाषणांना वेळच उरणार नाही.

त्या बॅनरबद्दल. मंडळातल्या बायका अजून म्हणतात की मी हट्टाने मंडळ बुडवलं. एक गृहस्थ सगळा खर्च द्यायला तयार होते. अट एकच, त्यांचा फोटो हत्तीच्या मागे, आणि आधी त्यांचं स्वागत. मी नाही म्हटलं. भोंडल्यात सगळ्यांचे चेहरे हत्तीकडे असतात, तिथे मागे कोणाचा फोटो लावून चालत नाही, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, मी रागावून बोलले, तीन जणी निघून गेल्या. बोलण्याची पद्धत चुकली असेल. पण नाही म्हणणं चुकलं नाही, आजही तेच म्हणेन, आणि तुलाही कोणी असं विचारलं तर तू नाहीच म्हणायचंस.

तू हुशार आहेस, इंग्रजी फॉर्म तुला चुटकीसरशी भरता येतात आणि म्हणूनच मला काळजी वाटते, कारण फॉर्म भरला की काम झाल्यासारखं वाटतं. काहीच झालेलं नसतं. तू अजून त्या बाजारात संध्याकाळी सहा ते नऊ नुसती उभी राहिलेली नाहीस. कुठला दुकानदार किती वाजता शटर पाडतो, गाडीवाला कुठून येतो, बायका कुठे टेकतात, पाणी कुठे मिळतं, हे तुझ्या प्रपोजलमध्ये एका ओळीतही नाही. हे लिहिलंस तर वाचणारा थांबेल. राजवाड्याच्या फोटोवर कोणी थांबत नाही, तो त्यांच्या टेबलावर रोजच येतो.

शेणाचं मी बघते, आमच्या दूधवाल्याला सांगितलंय. गुरुवारी सहाला ये, लॅपटॉप घरीच ठेव. आधी शेठजींच्या दुकानात जाऊ, आता त्यांचा मुलगा बसतो, त्याला मी पत्रिका देणार आहे, एकच छापून घे, त्याच्या नावाची. सतरंज्या माळ्यावर आहेत, दोन्ही. एकीची कड उसवलीय, सुईदोरा घेऊन ये.

तुझी,
काकू