फोन पुरे झाले, आता कागद करा

प्रश्न: ताई, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी बारावीला, जूनमध्ये तिला नीटच्या क्लासला घातलं, मार्चपर्यंतचा कोर्स, 48,000 रुपये आधीच भरून घेतले, 30,000 रोख आणि बाकीचे फोनवरून. ऑगस्टपर्यंत बरं चाललं, मग बायोलॉजीचे सर गेले, पाठोपाठ फिजिक्सचे गेले आणि सप्टेंबरपासून बॅचच बंद. पैसे मागितले की म्हणतात हेड ऑफिसला बोला, तिथं कोण फोन उचलत नाही. शिफ्ट बुडवून चार चकरा झाल्या. पावतीच्या मागं 'फी परत मिळणार नाही' असा शिक्का मारलाय. पैसे गेलेच का ओ?

उत्तर: नाही दादा, गेले नाहीत. त्या शिक्क्याचा धसका आधी मनातून काढा. पोरगी मधेच क्लास सोडून गेली तरी उरलेल्या दिवसांची फी 10 दिवसांत परत द्यावी असं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगसाठीच्या सूचनांत लिहिलंय, आणि तुमच्या मुलीने तर क्लास सोडलाच नाही, क्लासनेच तिला वाऱ्यावर सोडलं. त्या नुसत्या सूचना आहेत, कायदा नाही, पण पत्रात लिहायला उपयोगी पडतात. कायदा आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. शाळा-कॉलेजच्या फीवरून वाद आहे पण कोचिंग क्लास ग्राहक कायद्यात येतो असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्येच सांगितलंय.

तुमचं चुकतंय ते एवढंच की सगळं तोंडी चाललंय. चार चकरा मारल्या त्याचा पुरावा काय? काहीच नाही. म्हणून आजच साध्या मराठीत पत्र लिहा: पावती नंबर, कधी किती भरले, कोणत्या तारखेपासून तास झाले नाहीत, आणि हिशोब. दहा महिन्यांचे 48,000 म्हणजे महिन्याचे 4,800, सात महिने शिकवलंच नाही, म्हणजे 33,600 रुपये 15 दिवसांत द्या. तीन महिने शिकवलं त्याचे राहू देत त्यांच्याकडे, मागणी रास्त दिसली की पुढे आपलीच बाजू भक्कम होते. पत्र शाखेला आणि हेड ऑफिसला दोन्हीकडे पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेल पण करा. पावतीची फक्त झेरॉक्स द्यायची, मूळ पावती कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी हातची सोडू नका, तुमच्या रोख 30,000 चा तेवढाच पुरावा आहे.

अजून एक, हे तर पत्राच्याही आधी करा. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच, त्यात 'आज तास नाही, उद्या कळवतो' असे मेसेज पडलेले असतील, अॅडमिनने तुम्हाला काढायच्या आत ते सगळं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. तारखेसकट तेच तर पाहिजे. बाकीच्या पालकांनाही सांगा, पण पत्र ज्याचं त्याने वेगळं द्यावं, प्रत्येकाची रक्कम वेगळी असणार.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रारीचा नंबर मिळतो तो लिहून ठेवा. ते कोर्ट नाही, क्लासवाल्यांना ते फक्त विचारणा करतात, तरी बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नाहीच झालं तर सोलापूर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, क्लासचं हेड ऑफिस पुण्यात असो की दिल्लीत, तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे. निकालाला महिने जातात हे मात्र धरून चला.

मधल्या काळात क्लासवाले 'पुढच्या बॅचला अॅडजस्ट करू' म्हणून सही मागतील. मुलीची परीक्षा यंदा आहे, पुढची बॅच तिच्या काय कामाची? सही करू नका.